त्रैराशिक

पाच मजूर एक विहीर आठ दिवसांत खणतात,
तर चार मजूर किती दिवसांत?
शाळेत हे मी तोंडी सांगायचे.
विहिरीला पाणी लागलं का,
हे मास्तरांना कुणीच विचारलं नाही.

स्विंडनमध्ये, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत
हरवलेल्या मांजराच्या फोटोखाली एक कार्ड:
गणिताची शिकवणी. तासाला अडतीस पौंड.
मी वृद्धाश्रमात रात्री चादरी बदलते.
माझे तीन तास आणि वर थोडी मिनिटं
म्हणजे त्यांचा एक तास.
तर आठवड्याच्या दोन तासांना किती चादरी?
मांजर राखाडी होतं. एक कान फाटका.

स्वरदाला ऐंशीपैकी एकवीस.
मिस्टर ओकली भला माणूस,
आवाज खाली आणून म्हणाला,
बाहेरून थोडी मदत मिळाली तर बरं.
बाहेरून.
जशी ती बसस्टॉपशेजारच्या झाडाला लागते
आणि आम्ही फक्त पिशवी न्यायची विसरलो.

लायब्ररीत शनिवारी फुकट होतं.
बस त्या पाच चक्रांच्या चौकातून जायची,
मोठ्या गोलात पाच लहान गोल,
प्रत्येक गाडी कुणाला तरी वाट देत, गोंधळत, सुटत.
टेबलाशी एक निवृत्त गृहस्थ आणि अकरा मुलं.
स्वरदाचा नंबर लागे तेव्हा
ते घड्याळाकडे बघत कोट घालत असत.
मार्चमध्ये दारावर कागद लागला:
पुढील सूचनेपर्यंत बंद.

त्या रात्री कामावर निघताना विचारलं,
कधीपासून समजत नाहीये?
अपूर्णांकांपासून, म्हणाली.
म्हणजे चार वर्षं!
बोलली का नाहीस गं?

ती वहीत रेघा मारत राहिली.
भाडं गेलं, म्हणाली, गॅस एकशे बारा,
तुझा बसचा पास, माझ्या बुटांचा दुसरा हप्ता.
उरतात सव्वीस.
सव्विसातून अडतीस जात नाहीत, आई.

कॅल्क्युलेटर दप्तरात होता.
चप्पल एका पायात, दुसरी हातात,
मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले
आणि माझी बस गेली.

आमचं मशीन जानेवारीपासून बंद,
म्हणून धुणं घेऊन लाँड्रीत जायचो.
तिथे टॅमझिन. एकोणीस वर्षांची,
वायरिंगचं काम शिकते, बोटाला चिकटपट्टी.
स्वरदाच्या वहीत डोकावली न विचारता:
हे? ह्यात मी दोनदा आपटले.
मग एका पाकिटाच्या मागे तीन दिवे काढले,
एक तार, तिचे तीन वाटे,
आणि छेदाला खाली का बसवतात ते सांगितलं
असं की मलाही कळलं,
जिला वाटत होतं आपल्याला येतंच.

पैसे किती, मी विचारलं.
तिनं आपल्या मळक्या डांगऱ्यांकडे पाहिलं.
एक मशीन भरून द्या.
म्हणजे धुवायचे साडेपाच, वाळवायचे दोन.
वाटाघाटी संपल्या.

तेव्हापासून मंगळवारी संध्याकाळी
एका धुण्याइतकी शिकवणी.
अडतीस मिनिटं. हा आकडा माझी पाठ सोडत नाही.
टॅमझिन हातचं काही राखत नाही;
स्वतःला येत नसेल तर सरळ म्हणते, थांब,
उद्या आमच्या फोरमनला विचारते.

परीक्षा तीन आठवड्यांवर आहे.
काय होईल ते मी मांडत नाही.
काल स्वरदानं एका उदाहरणात
हातचा एक घ्यायचा विसरला,
स्वतःच थबकली, शिवी हासडली (इंग्रजीत),
खोडलं, परत केलं.
पलीकडे काचेआड आमच्या चादरी
आणि एका वायरमन पोरीचे कपडे
वेगवेगळ्या पिंपांत फिरत होते.
मी खिशात नाणी चाचपली.
दोन पौंड कमी पडत होते.
टॅमझिन म्हणाली, पुढच्या वेळी.
स्वरदानं मान वर न करता
वहीच्या कडेला लिहून ठेवलं: २.